टीम लावली, पैसा नाही लावला!

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने तीन दिवसांत एक कायदा करून टाकला. २० तारखेला विधेयक लोकसभेत आले आणि त्याच दिवशी मंजूर झाले, २१ ला राज्यसभेत मंजूर झाले, २२ ला राष्ट्रपतींची सही! एरवी आपल्याकडे फुटलेली पाइपलाइन दुरुस्त व्हायला यापेक्षा जास्त दिवस लागतात. ऑनलाइन गेमिंगला प्रोत्साहन देणारा आणि त्याचे नियमन करणारा, असे या कायद्याचे भलेमोठे नाव आहे. पण गावोगावी, चहाच्या टपरीपासून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत, तो एकाच वाक्यात पोचला : ‘टीम लावणं बंद झालं.’

मैत्रिणींनो, हे वाक्य अर्धेच खरे आहे. आणि जे अर्धे खोटे आहे, त्यात आपल्या घरची एक चांगली करमणूक उगाच बुडते आहे, म्हणून आज हा विषय.

ज्यांच्या घरी अजून हे प्रकरण आलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सामन्याआधी आपण मनाने एक संघ निवडायचा. यातली एक फलंदाज, त्यातली एक गोलंदाज, असे करत. मग खऱ्या सामन्यात त्या खेळाडूंनी ज्या धावा काढल्या, ज्या विकेट घेतल्या, त्याचे गुण आपल्या नावावर. ज्याचे गुण जास्त तो जिंकला. याला म्हणायचे ‘फॅन्टसी लीग’. आपल्याकडच्या पोरांच्या भाषेत, ‘टीम लावणे’. आता ‘लावणे’ हे क्रियापद बघा. आपल्याकडे आकडा लावतात, पैसा लावतात, पैज लावतात. खेळ घरात आला तोच मुळी हे क्रियापद बरोबर घेऊन!

नव्या कायद्याने बंदी घातली आहे ती पैशावर. खेळायला पैसे भरायचे आणि बदल्यात पैसे किंवा तसाच काही लाभ मिळेल अशी आशा धरायची, असा ऑनलाइन खेळ चालवणे गुन्हा. मग तो डोक्याचा असो की नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, कारण सरकारच्या मते तो नाडला गेलेला माणूस आहे. आणि ज्या खेळात पैसे लावलेले नाहीत, त्याला या कायद्याने हातही लावलेला नाही. उलट ‘सोशल गेम’ म्हणून तशा खेळांना उत्तेजनच द्यायचे म्हटले आहे.

विधेयकाच्या वेळी सरकारने अंदाज दिला होता, की पैशांच्या ऑनलाइन खेळांत दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक मिळून २० हजार कोटी रुपये घालवतात. आकडा इतका मोठा आहे की तो डोळ्यांपुढे येतच नाही. मला तो एका घरातून दिसला. ओळखीतलेच घर आहे, गावाचे नाव सांगत नाही. मुलगा शिकलेला, नोकरीला लागलेला. सुरुवात ४९ रुपयांपासून. आईला वाटायचे, मोबाइलचे रिचार्ज करतोय. वर्षभराने ४९ चे पाचशे झाले, मग एका सामन्याला दोन-दोन हजार. त्या आईच्या हातात कधी पासबुक नव्हते, पण तिला कळले ते दुसऱ्याच खुणेवरून. महिन्याच्या आठ तारखेलाच मुलगा भाजीला पैसे मागायला लागला. ‘पगार झाला ना रे?’ असं विचारलं की चिडायचा. तोपर्यंत कर्ज देणाऱ्या दोन ॲपचे हप्ते सुरू झाले होते.

यातला हिशेब आपण बायकांनी नीट समजून घ्यावा, कारण हिशेब आपल्याला येतो. भिशीचेच घ्या. बारा जणी दरमहा हजार-हजार काढतात. बारा हजाराची रक्कम एकीला मिळते. वर्ष संपता प्रत्येकीने बारा हजार भरलेले असतात आणि प्रत्येकीला बारा हजार मिळालेले असतात. कुणी पुढे, कुणी मागे, एवढाच फरक. पैसा बाहेर कुठेही जात नाही, फार तर चहा-पोह्यांत! पैशांच्या टीमचे तसे नव्हते. हजारो अनोळखी माणसांनी पैसे भरायचे. त्यातून आधी कंपनी आपला वाटा काढून घेणार. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, आणि जो जिंकेल त्याच्या निव्वळ जिंकण्यावर एप्रिल २०२३ पासून ३० टक्के टीडीएस. म्हणजे सगळ्यांनी मिळून जेवढे ओतले त्यापेक्षा सगळ्यांना मिळून नेहमी कमीच मिळणार. हंड्याला भोक आहे हे माहीत असून पाणी भरायला रांग लावावी, तसा हा प्रकार.

मग लोक रांग का लावत होते? कारण जिंकलेल्या एकाची बातमी होते, हरलेल्या लाखाची होत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलिस उपनिरीक्षकांनी अशाच ॲपवर दीड कोटी रुपये जिंकले. पेढे वाटले गेले, मुलाखती झाल्या. काही दिवसांतच ते निलंबित झाले. पण लक्षात काय राहिलं? निलंबन नाही, दीड कोटी!

आणि जाहिरातीचे तर विचारूच नका. या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी ड्रीम११, मुंबईचीच. २००८ मध्ये सुरू झाली. २०१७ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला आणि कंपनीला बळ आले. २०२० मध्ये तिने २२२ कोटी रुपये मोजून आयपीएलला आपले नाव लावले. २०२३ मध्ये भारतीय संघाच्या अंगावरच्या जर्सीवर तिचे नाव आले. ज्या मुलाच्या खोलीत विराट-रोहितचे पोस्टर आहे, त्याला ‘हे वाईट आहे’ असे त्याची आई कोणत्या तोंडाने सांगणार? देशाच्या संघाच्या छातीवरच ते नाव! कायदा झाला, कंपनीने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या, जर्सीचा करारही गेला, आणि सप्टेंबर २०२५ च्या आशिया चषकात आपला संघ कोऱ्या जर्सीने खेळला. मला तरी तो जास्त देखणा वाटला.

कंपन्या न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या. नोकऱ्या गेल्या हेही खरे आहे आणि त्या घरांचे दुःख काही खोटे नाही. ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ या युक्तिवादातही तथ्य आहे. क्रिकेट कळणारा माणूस न कळणाऱ्यापेक्षा चांगला संघ निवडतोच. पण मला विचाराल तर तो मुद्दा इथे गैरलागू आहे. रमीतही डोकं लागतं. म्हणून का कुणी मंगळसूत्र लावून रमी खेळावी? समोर कोण बसलंय हेही जिथं दिसत नाही, तिथं आपल्या पोराचं कौशल्य कुणाच्या कौशल्याशी झुंजतंय हे कसं कळणार? एकेका सामन्याला ढिगाने संघ लावणारे, दिवसभर आकडेमोड करणारे लोक पलीकडे होते. आणि आपला मुलगा दुकानातून घरी येताना मोटरसायकल बाजूला घेऊन पाच मिनिटांत संघ लावत होता.

गंमत म्हणजे हा खेळ सुरू झाला तो चांगला ओळखीपाळखीतला म्हणून. अमेरिकेत १९६२ मध्ये बिल विंकेनबाख नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून त्यांच्याकडच्या फुटबॉलसाठी याचे नियम जुळवले. पुढच्या वर्षी मित्रमंडळींत पहिली निवड झाली. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखकाने आणि त्याच्या दोस्तांनी बेसबॉलची अशी लीग काढली आणि ज्या खाणावळीत ते जेवायला जमत तिचेच नाव त्या खेळाला पडले. पैसे त्यांच्यातही लावले जात, ते काही अगदी सोवळ्यातले लोक नव्हते. पण सगळे एकमेकांना ओळखणारे. गुणांचा हिशेब हाताने, वर्तमानपत्रातले आकडे उतरवून.

इंग्लंडमध्ये तर २००२ पासून प्रीमिअर लीग ही फुटबॉलची संस्था स्वतःच असा खेळ चालवते, आणि त्याला प्रवेश फी नाही. कागदावरचे दहा कोटी पौंड मिळतात, त्यात पंधरा खेळाडू बसवायचे. एका क्लबचे तीनपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. कॅप्टनचे गुण दुप्पट. जगभरातून एक कोटीहून जास्त संघ त्यात असतात. पण त्या कोटीत आपला कितवा नंबर आला याच्याशी बहुतेकांना देणंघेणं नसतं. खरी चुरस असते ती त्यातल्या छोट्या लीगमध्ये. ऑफिसातले दहा जण, शाळेतले वर्गमित्र, सासरा-जावई. ऑगस्टपासून मेपर्यंत हंगाम चालतो. संघ लावायची मुदत साधारण आठवड्यातून एकदा. मला यातली कळीची गोष्ट हीच वाटते. पैशांच्या ॲपवर रोज नवा सामना, रोज नवी फी, रोज ‘काल गेले ते आज काढू’. नऊ-दहा महिन्यांच्या लीगमध्ये काल गेले तर गेले, गप्प बसून पुढच्या आठवड्याची वाट बघायची.

तर, २०२५ च्या महिला विश्वचषकाला आम्ही घरात अशी लीग काढली. बंदीनंतर जेमतेम महिनाभराने. ‘बंदी आहे ना मामी?’ म्हणून भाचा हसला. त्याला कायदा वाचून दाखवला!

माणसं नऊ. सासूबाई, दीर, धाकटी जाऊ, कोल्हापूरची नणंद आणि तिचा हा मुलगा, पुण्यात शिकणारी पुतणी, माझा मुलगा, आणि भिशीतल्या दोघी. मी खेळत नव्हते, मी वही सांभाळणार. जी भिशीची वही सांभाळते तिला हे काम अवघड नाही, खरंच सांगते. कुणी किती भरले, कुणाचे राहिले, कुणाला कधी मिळाले, हे ज्या बाईच्या वहीत वर्षानुवर्षे चोख असते, तिला धावा आणि विकेट काय जड? शिवाय भांडण कसे मिटवायचे हेही तिला ठाऊक असते.

स्पर्धेत संघ आठ, प्रत्येकी पंधरा खेळाडू, म्हणजे एकशेवीस जणी. आमच्या प्रत्येकाला सहा निवडायच्या. एक खेळाडू एकाचीच, दुसऱ्याला ती मिळणार नाही. हा नियम महत्त्वाचा, नाहीतर सगळेच स्मृती मानधना घेऊन बसले असते. चिठ्ठ्या टाकून क्रम काढला. पहिल्या फेरीत एक ते नऊ, दुसऱ्या फेरीत उलटे, नऊ ते एक, म्हणजे शेवटच्याचे फार नुकसान होत नाही. धावेला एक गुण, विकेटला वीस, झेलाला पाच. स्पर्धेच्या मधे एकदाच, एक खेळाडू सोडून कुणी न घेतलेली दुसरी घेता येईल. आणि चौथा नियम पुतणीने लिहायला लावला : आपली खेळाडू जखमी होऊन स्पर्धेबाहेर गेली, तर तिच्या देशाने जी बदली बोलावली ती आपोआप आपली.

पहिली चिठ्ठी नणंदेची निघाली. सांगलीची पोरगी म्हणून तिने डोळे झाकून स्मृती घेतली. ‘आपल्याकडची आहे, दुसऱ्याच्या वहीत कशी जाऊ देऊ?’ पुढच्यांनी ऑस्ट्रेलिया, इंग्लंडच्या मोठमोठ्या बॅटवाल्या उचलल्या. पोरांना सगळी नावं पाठ, त्यांनी मोबाइलवर सरासरी काढून ठेवलेली. माझ्या जावेला क्रिकेटमधलं फार कळत नाही. तिचा नंबर आठवा. तिने विचारलं, ‘दोन्ही कामं करणारी कोण आहे? बॅट पण आणि बॉल पण?’ दीप्ती शर्मा, असं कुणीतरी म्हणालं. ‘मग तीच द्या. दोन्हीकडं राबणारी असते तिचंच जास्त भरतं.’ भाचा कपाळाला हात लावून हसला.

आता आकडे बघा. ३० सप्टेंबरला गुवाहाटीत पहिलाच सामना, श्रीलंकेविरुद्ध. दीप्तीच्या ५३ धावा आणि तीन विकेट. म्हणजे एकाच दिवशी ११३ गुण. स्पर्धा संपली तेव्हा तिच्या २१५ धावा होत्या आणि २२ विकेट. आमच्या वहीत झेल सोडूनच ६५५ गुण. दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्व्हार्टने त्या स्पर्धेत ५७१ धावा केल्या, एका विश्वचषकातला तो विक्रम ठरला. तिच्या पारड्यात ५७१. स्मृतीच्या ४३४ धावा. सरासरीचे कागद घेऊन बसलेल्या दोन्ही मुलांपैकी एकाच्याही डोक्यात हे आले नव्हते, की विकेटला वीस ठेवले तर दोन्ही करणारी सगळ्यांना मागे टाकणार. स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडूही पुढे दीप्तीच ठरली, पण ते नंतर.

दुसरी गोष्ट जेमिमा रॉड्रिग्जची. ती भिशीतल्या एका मैत्रिणीकडे होती. स्पर्धेत जेमिमा दोनदा शून्यावर बाद झाली. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तर तिला संघातच घेतले नाही. भारत ओळीने तीन सामने हरला होता तेव्हा. भाचा मैत्रिणीच्या मागे लागला, ‘मावशी, सोडून द्या तिला, दुसरी घ्या, तुमचा एक बदल शिल्लक आहे.’ ती म्हणाली, ‘पोरगी आधीच खचलेली असेल, मी कशाला सोडू?’ हे काही खेळाचं तर्कशास्त्र नव्हे, मलाही पटलं नव्हतं. मग न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६, आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७! ३३९ चा डोंगर पार केला आपल्या मुलींनी. त्या रात्री आमच्या वहीतले आकडे मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भरलेच नाहीत. कुणी विचारलेही नाहीत.

आणि भांडण? झालं की. सासूबाईंकडे प्रतीका रावल होती. न्यूझीलंडविरुद्ध तिने १२२ केले तेव्हा सासूबाई खुशीत होत्या. बांगलादेशच्या सामन्यात ती जखमी झाली आणि तिच्या जागी शफाली वर्माला बोलावले, जी मुळात संघातच नव्हती आणि म्हणून आमच्यापैकी कुणाच्याही यादीत नव्हती. चौथ्या नियमाने ती सासूबाईंची झाली. उपांत्य फेरीत दहा धावा, तेव्हा कुणी काही बोलले नाही. २ नोव्हेंबरला अंतिम सामन्यात ८७ धावा आणि दोन विकेट, म्हणजे १२७ गुण, तेव्हा मात्र माझा मुलगा उसळला. ‘ही लॉटरी आहे! आजीनं काहीच निवडलं नाही, आयतं मिळालं!’ पुतणीने पुण्याहून नियमाच्या पानाचा फोटो टाकला. त्यावर त्याची सही होती. प्रकरण मिटलं. दोन दिवस तो आजीशी मोजकंच बोलत होता, एवढंच.

पण हेच भांडण पैशावरून झालं असतं तर? मी विचार करून बघते. भाच्याने सुरुवातीलाच सुचवलं होतं, ‘शंभर-शंभर काढू, नऊशे होतील, जिंकेल त्याला. त्याशिवाय मजा नाही.’ मी नाही म्हटलं, आणि त्याला कारण दिलं ते कायद्याचं नव्हे. वही घरातली असल्याने हा कायदा आपल्याला लागतो की जुगाराचा १८८७ सालचा जुना कायदा लागतो, हा कीस वकिलांनी पाडावा. मला दिसत होते ते नऊ जणांचे खिसे. सासूबाईंचे शंभर त्यांच्या पेन्शनमधले. पुतणीचे तिच्या खाणावळीच्या पैशांतले. भिशीतल्या एका मैत्रिणीला शंभर रुपयांसाठी घरात विचारावे लागते. तिने लाजेकाजेने काढले असते आणि पाच आठवडे तिच्या मनात खेळ नव्हे, शंभराची नोट राहिली असती. जेमिमाला तिने धरून ठेवलं असतं का, तुम्हीच सांगा.

त्याऐवजी ठरलं, जो शेवटचा येईल त्याने तुळशीच्या लग्नाच्या जेवणाची सगळी भांडी घासायची. दीर शेवटचे आले. कुकरसकट घासली. आमच्या घरात पुरुषाने भांडी घासलेली सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिली, आणि खुर्ची ओढून बसून पाहिली.

पूर्वी सुट्टीत आपण मेंढीकोट, बदाम सात खेळायचो तेव्हा चिंचोके लावायचो ना, तसंच आहे हे. हरलं तर वाईट वाटायचं, रडूही यायचं, पण दुसऱ्या दिवशी चिंचोके परत डब्यात.

एक काळजीची गोष्ट मात्र सांगायला हवी. देशातल्या कंपन्यांच्या पैशांच्या स्पर्धा बंद झाल्या, म्हणून धोका संपला असे समजू नका. परदेशात बसून चालवलेल्या सट्ट्याच्या साइट्स आहेत, गावातल्या गावात ‘आयडी’ देणारे आहेत. कुणी मुलाला ‘आयडी घे’ म्हणाले तर ते कॉलेजचे ओळखपत्र नव्हे, बरं का. तिथे ना जीएसटी, ना पावती, ना तक्रार करायला जागा. पूर्वी मटक्याचा आकडा चिठ्ठीवर असायचा, आता तो मोबाइलमध्ये असतो, एवढाच बदल. घरातल्याच्या खात्यातून एकाच नावाला वारंवार छोट्या रकमा जात असतील, न सांगता कर्जाचे हप्ते सुरू झाले असतील, सामना संपल्यावर माणूस स्कोअर न सांगता उठून जात असेल, तर विचारा. आरडाओरडा न करता विचारा. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. मन खचलं असेल, झोप उडाली असेल, तर टेलि-मानसचा १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि घरात ज्याला टीम लावायची हौस आहे, त्याची हौस मारू नका. मुलाला क्रिकेटमधले आकडे कळतात ही वाईट गोष्ट नाही. ते त्याने वहीत, आपल्यासमोर, आपल्याशी भांडून वापरावेत. ती वही तुमच्या हातात असली तर आणखी बरे. विश्वचषकाचे बरेच सामने दुपारी तीनला होते, ही आमची सोय झाली. जेवणं आटोपलेली, झाकपाक झालेली, त्यामुळे आम्हा बायकांना निदान पहिला डाव सलग बघता आला. आयपीएलचे संध्याकाळचे सामने सुरू होतात साडेसातला, म्हणजे ऐन पोळ्यांच्या वेळेला. म्हणून तेव्हासाठी आम्ही ठरवलंय की संघ रोज लावायचा नाही. रविवारी दुपारी बारापर्यंत नावं द्यायची, ती आठवडाभर. तव्यावर पोळी आणि हातात मोबाइल, असलं काही नको. गुणांची बेरीज दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरातल्या धावफलकावरून.

नियमांवर चर्चा अजून चालू आहे. माझ्या मुलाला चौथा नियम काढून टाकायचाय, पुतणी तो काढू देत नाही. भाच्याला विकेटचे वीसचे पंधरा करून हवेत. जाऊ म्हणते, वीसचे पंचवीस करा. दिरांनी पेपर डिशचा प्रस्ताव मांडला, तो एकमताने फेटाळला. सासूबाईंनी एकच मागणी केलीय, की चिठ्ठ्या टाकताना पहिला नंबर निघाला तर तो त्यांना नको, बदलून शेवटचा द्यावा. का, तर दुसरी फेरी उलटी असते, त्यामुळे शेवटच्याला सलग दोन खेळाडू उचलता येतात. हे त्यांना कुणीही समजावून सांगितलेलं नव्हतं.